थोरली, धाकटी आणि दोन सारख्या वायरी

अंडी उबवण केंद्रात काकूंची सव्वीस वर्षं नोकरी झाली होती आणि चिठ्ठी न लावलेली एकही वस्तू त्या इमारतीत उरली नव्हती. बादल्यांवर चिठ्ठ्या, दिव्यांच्या बटणांवर चिठ्ठ्या, जुन्या साखरेच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘साखर नाही, मीठ’. काळं मार्कर पेन त्यांच्या कानावर असायचं, सुताराच्या पेन्सिलीसारखं. पाठीमागे सगळे त्यांना चिठ्ठीकाकू म्हणत आणि तोंडावर नुसतं काकू. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. दोन्हींचं काही वाटत नव्हतं.

हे खूळ उगाच लागलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी दोन ट्रेंची अदलाबदल केली होती. एकात बाराव्या दिवसाची अंडी, दुसऱ्यात अठराव्या. अंडं बाहेरून काही बोलत नाही. जी पिल्लं बाहेर यायच्या बेतात होती ती चुकीच्या यंत्रात राहिली आणि कलत्या ट्रेंच्या फटींत घसरली. काकूंनी ती एकेक करून हाताने काढली. काही वाचली, बरीच नाही. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मार्कर विकत घेतलं आणि तेव्हापासून एकच पाठ सगळ्यांना घोकायला लावला: ज्याला त्याला त्याचं नाव हवं, आणि ते नाव हललं नाही पाहिजे.

यंत्रं दोन. मोठं सेटर, म्हणजे जवळजवळ एक खोलीच. अंडी पहिले अठरा दिवस तिथे राहतात. लहान ते हॅचर. शेवटचे तीन दिवस तिथे, आणि पिल्लं तिथेच बाहेर पडतात. काकूंनी त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती आणि अर्थातच दारांवर लिहिली होती. थोरलीला लागते सदतीस पूर्णांक सहा अंश उष्णता आणि बेताची दमट हवा. धाकटीला उष्णता अर्धा अंश कमी, पण ओल भरपूर, इतकी की दाराच्या काचेवर धुकं धरतं. तिथली हवा कोरडी पडली की कवचाच्या आतला पापुद्रा चामड्यासारखा आवळतो आणि चोचीने भोक पाडून बसलेलं पिल्लू तिथल्या तिथे चिकटून मरतं. म्हणून काकू सकाळी आल्या की आधी धाकटीची काच बघत, मग चपला काढत.

अशा बाईला रजा कुठली? सव्वीस वर्षांत सलग दोन दिवस त्या केंद्राबाहेर राहिल्या नव्हत्या. मुलाच्या लग्नातसुद्धा जेवणं उरकल्यावर एक चक्कर टाकून आल्या होत्या, भरजरी साडीत.

मग सुनेला दिवस गेले.

सून दुसऱ्या शहरात असायची, कॉम्प्युटरवर काम करायची. तिला आई नव्हती. ती शाळेत असतानाच गेली. सुट्टीत घरी आली असताना एकदा भांडी विसळता विसळता, नळ सुरू ठेवून, काकूंकडे न बघता ती म्हणाली, “बाळंतपणाला तुम्ही याल का, आई?”

काकूंच्या तोंडून निघून गेलं, “अगं, मी आले तर इथलं कोण बघणार?”

“हो, तेही खरंच,” सून म्हणाली आणि नळ बंद केला.

शब्द परत घ्यायची सोय असती तर काकूंनी तिथल्या तिथे घेतला असता. पण सून रुसून बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती एक जुना कॉम्प्युटर काखोटीला मारून केंद्रात हजर झाली. त्यावर लिनक्स नावाची प्रणाली घातली, बाजारातून दोन वायरी आणल्या, एक थोरलीच्या कंट्रोलरला जोडली, एक धाकटीच्या, आणि चार दिवस ठाण मांडून प्रोग्राम लिहिला. आता कॉम्प्युटरच दोन्ही यंत्रांचं तापमान बघणार, दोघींना काय हवं ते तोच सांगणार, आणि काही बिनसलं तर घंटा वाजवून मालकांना, काकूंना आणि सुनेला फोनवर मेसेज पाठवणार.

“आता कोण बघणार ते सांगितलं,” सून म्हणाली.

बसचं तिकीट निघालं. गुरुवारी दुपारी चारची बस.

मालक एकदम खूश. मालक म्हणजे भला माणूस, पण डोळ्यांपेक्षा स्क्रीनवर विश्वास ठेवणारा. शिवाय त्यांच्या मोबाइलची बॅटरी कायम संपलेली, आणि चार्जिंगसाठी ते दिसेल ते भोक धरायचे. “काकू, तुम्ही बिनधास्त जा,” ते सांगत सुटले. “हिरवं आहे तोवर चिंता नाही. लाल झालं तर मी आहेच.”

मंगळवारी सकाळी पावणेअकराला वीज गेली. धाकटीत एकोणिसाव्या दिवसाची अंडी होती. पिल्लं गुरुवारी सकाळी अपेक्षित. चाळीस सेकंदांत जनरेटर धडधडला, दिवे आले, कॉम्प्युटर पुन्हा उठला, आणि काही मिनिटांतच स्क्रीनवर दोन्ही चौकटी हिरव्यागार. थोरली सदतीस पूर्णांक सहा. धाकटी सदतीस पूर्णांक एक. ओलसुद्धा जिथे जेवढी हवी तेवढी.

“बघा!” मालक म्हणाले. “याला म्हणतात व्यवस्था!”

काकू नोंदी लिहायला बसल्या. वीसेक मिनिटांनी ट्रे मोजायला उठल्या आणि थोरलीसमोर थबकल्या.

थोरलीच्या काचेवर धुकं होतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. धाकटीची काच लख्ख होती, आत पार मागच्या भिंतीचा स्क्रू दिसत होता.

“मालक!”

“काय झालं? हिरवं आहे.”

“खड्ड्यात घाला तुमचं हिरवं!” असं म्हणत काकूंनी एप्रनच्या खिशातला काचेचा थर्मामीटर काढला आणि धाकटीच्या भोकात घातला. पारा वर चढत गेला आणि सदतीस पूर्णांक सहावर जाऊन बसला. थोरलीत पाहिलं तर तिथे पारा सदतीस पूर्णांक एकवर उतरलेला. स्क्रीन मात्र शपथेवर उलटं सांगत होता. एकीचं ताट दुसरीपुढे वाढलेलं, आणि वाढणारा छाती पुढे काढून उभा.

काकूंनी दोन्ही कंट्रोलर हाताच्या बटणावर आणले, पूर्वीसारखे. धाकटीत ओल सोडली. मग खुर्चीत बसल्या. वीसच मिनिटं. वीस मिनिटांनी अंड्यांचं काही बिघडत नाही. पण हेच शुक्रवारी झालं असतं, त्या तिकडे आणि इथे हिरव्या स्क्रीनसमोर मालक, तर?

त्यांनी सुनेला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“अगं, तुझ्या कॉम्प्युटरला थोरली कोण आणि धाकटी कोण तेच कळेनासं झालंय!”

सुनेने तीन प्रश्न विचारले आणि तिला सगळं उमगलं. ते फोनवर ऐकूसुद्धा आलं, कारण ती स्वतःला “गाढव, गाढव” म्हणत होती.

“कोण गाढव?”

“मी, आई. ऐका. वायर लावली की कॉम्प्युटर तिला नाव देतो. पहिली दिसली ती यूएसबी-शून्य, दुसरी दिसली ती यूएसबी-एक. मी प्रोग्रामला सांगून ठेवलं, शून्य म्हणजे थोरली आणि एक म्हणजे धाकटी. आज वीज आल्यावर धाकटीची वायर आधी जागी झाली.”

“म्हणजे जी आधी उठेल ती थोरली?”

“दवाखान्यात आधी येईल त्याला पहिला नंबर, तसंच.”

“अगं पण दवाखान्यात नंबर देतात, माणसाचं नाव नाही बदलत! उद्या मी आधी पोचले तर मला दुसऱ्याचं इंजेक्शन टोचणार का?”

“हेच तर झालंय,” सून म्हणाली. “उपाय आहे. दारावर वॉचमन असतो तसा लिनक्सच्या आत एकजण आहे, यूडेव्ह म्हणतात त्याला. त्याच्या हातात आपण नियमांची चिठ्ठी द्यायची: अशी अशी वायर आली की तिला अमुक नावाने हाक मार, ती कितीही उशिरा येवो.”

“चिठ्ठी?” काकू सरळ होऊन बसल्या. “हे आधी का नाही बोललीस?”

“मी इथूनच आत शिरून केलं असतं, पण तुमचा इंटरनेटचा डबा वीज गेल्यापासून मेलेलाच आहे. तुम्हालाच टाइप करावं लागेल.”

“सांग. नोंदवहीपेक्षा अवघड नसेल.”

होतं. सून एकेक अक्षर सांगत होती, काकू चष्मा नाकावर खाली ओढून एकेक बटण शोधत होत्या, आणि मालक मागून “तो डॅश नाही, ते खालचं आहे” वगैरे मदत करून घोळ वाढवत होते. शेवटी थोरलीच्या वायरीची कुंडली स्क्रीनवर आली: कुठल्या कंपनीची, कुठलं मॉडेल, आणि तिचा स्वतःचा अनुक्रमांक.

“अनुक्रमांक वाचा.”

“शून्य शून्य शून्य एक.”

“हं. आता धाकटीच्या वायरीचा.”

काकूंनी तेच सगळं परत टाइप केलं. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“शून्य शून्य शून्य एक.”

“दोघींचा एकच?” मालकांनी विचारलं.

“दोघींचा एकच,” सून म्हणाली. “मीच स्वस्तातल्या वायरी घेतल्या. काही कंपन्या सगळ्यांवर एकच आकडा ठोकून देतात.”

“मेल्यांना कारखान्यातच चिठ्ठी लावायचा आळस!” काकूंना आतापर्यंत कॉम्प्युटरचा राग होता, तो आता त्या न पाहिलेल्या कारखान्याकडे वळला. “मग आता?”

“आता चांगल्या वायरी मागवते. वेगवेगळ्या आकड्यांच्या.”

“कधी येतील?”

“शनिवारी. फार तर सोमवारी.”

जनरेटर तेवढा धडधडत होता. मग सून म्हणाली, अगदी सहज, “मग असं करा ना, आई, तुम्ही पुढच्या आठवड्यातच या. डॉक्टर म्हणतात तसा वेळ आहे अजून.”

नळ सुरू ठेवून बोलली होती तोच आवाज. अंडी टाकून गेलं तर पिल्लं मरणार, न गेलं तर ही पोर तिथे एकटी कळा देणार. मुलगा होता म्हणा सोबतीला, पण तो काय, रक्त पाहिलं की आधी त्यालाच खाटेवर घ्यायचे.

काकू समोर बघत बसल्या. समोर थोरलीची काच. आत ट्रेवर ट्रे, त्यांत शेकडो पांढरी अंडी, सगळी एकसारखी. कुठलं कधी ठेवलं, कुठलं कुणाचं, एकावरही लिहिलेलं नाही. आणि तरी त्यांना प्रत्येकाचा दिवस माहीत होता. चौथ्या कप्प्यातलं नवव्या दिवसाचं. सहाव्यातलं सोळाव्या...

त्या ताडकन उठल्या. खुर्ची मागच्या मागे आडवी झाली.

“अगं! अंड्याला कुठे मी चिठ्ठी लावते?”

“काय?”

“अंड्याला लावत नाही! कप्प्याला लावते! अंडी सगळी सारखीच असतात की. कुठल्या कप्प्यात बसलंय त्यावरून ओळखते मी. तुझ्या वॉचमनला वायर कुठल्या भोकात खोचलीय ते कळतं का?”

पलीकडून असा आवाज आला की मालकांना वाटलं, कळाच सुरू झाल्या.

“कळतं! आई, कळतं! भोकाचा पत्ता असतो! आणि तो वीज जावो, येवो, कोणीही आधी उठो, बदलत नाही! अहो, मला सुचायला हवं होतं हे!”

“ओरडू नकोस, बाळ दचकेल. सांग पुढे.”

आता दोघींच्या अंगात वारं शिरलं. सून भराभर सांगू लागली, काकूंची बोटंही बटणांवर सरावली. थोरलीच्या भोकाचा पत्ता निघाला: एक डॅश एक टिंब दोन. धाकटीचा: एक डॅश एक टिंब चार. वेगळे! काकूंनी ते लगेच हातावरच लिहून घेतले. मग नियमांची फाइल उघडली.

“पत्त्याच्या आधी दोनदा बरोबरचं चिन्ह द्या, आई.”

“दोनदा कशाला? एकदा बरोबर म्हणजे बरोबरच की.”

“नाही. दोनदा म्हणजे आपण विचारतोय, पत्ता हाच आहे का? एकदाच दिलं तर अर्थ होतो, हा असू दे. विचारायचं तिथे हुकूम सोडला की वॉचमन गोंधळतो.”

“तुझ्या सासऱ्यांना कळायला हवं होतं हे,” काकू म्हणाल्या आणि दोनदा दिलं. “आणि नावाच्या आधी?”

“अधिक आणि एकदा बरोबर. म्हणजे तिचं जुनं नाव राहू दे, वर हे आणखी एक दे.”

“माहेरचं राहू दे, सासरचंही घे. कळलं.”

दोन ओळी. एकीच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत थोरली, दुसरीच्या शेवटी धाकटी. मग सुनेने दोन हुकूम सांगितले, एक वॉचमनने चिठ्ठी पुन्हा वाचावी म्हणून आणि एक त्याने सगळ्यांना नव्याने हाक मारावी म्हणून. प्रोग्राममधले शून्य आणि एक काढून तिथेही नावं घातली. काकूंनी यादी मागवली आणि स्क्रीनवर त्यांची दोन नावं झळकली, प्रत्येकीपुढे एक बाण, आपापल्या वायरीकडे रोखलेला.

“आली गं! दोघी आल्या!”

“झालं!” सून म्हणाली.

“कसलं झालं? वीज गेल्याशिवाय झालं कसं म्हणू?”

आणि सव्वीस वर्षांत जे केलं नव्हतं ते काकूंनी केलं. हात लांब करून कॉम्प्युटरचा प्लग खेचला.

मालक किंचाळले. काकूंनी प्लग परत लावला, कॉम्प्युटर उठला, नावं पाहिली: जागच्या जागी. पुन्हा बंद. या वेळी दोन्ही वायरी काढून ठेवल्या, कॉम्प्युटर उठल्यावर मुद्दाम धाकटीची आधी लावली, मग थोरलीची. यूएसबी-शून्य आता धाकटी होती आणि यूएसबी-एक थोरली, पण बाण बरोब्बर वळले होते! “आधी उठलीस तरी धाकटीच राहणार तू,” काकू वायरीला म्हणाल्या. तिसऱ्यांदा उलट करून पाहिलं. मग यंत्रं कॉम्प्युटरच्या हाती दिली आणि अर्धा तास थर्मामीटर घेऊन एकीपासून दुसरीपर्यंत येरझाऱ्या घातल्या. पारा आणि स्क्रीन एकच बोलत होते. धाकटीच्या काचेवर खालच्या कोपऱ्यातून धुकं चढू लागलं.

“वायर भलत्याच भोकात गेली तर?” त्यांनी विचारलं.

“तर ते नाव सापडणार नाही, प्रोग्राम थांबेल आणि घंटा बडवेल. खोटं हिरवं दाखवणार नाही. फक्त दोघींची आपसात अदलाबदल केली, तर मात्र फसेल तो.”

“अशी अदलाबदल कोण करणार?” म्हणत मालकांनी हातातल्या चार्जरची वायर सोडवली आणि सवयीने कॉम्प्युटरमागे हात घातला. बोटं नेमकी धाकटीच्या वायरीवर.

“मालक!!”

हात विस्तव लागल्यासारखा मागे आला.

काकूंनी पिशवीतून नेलपॉलिश काढलं. लग्नासमारंभाला लावायचं, लालभडक. थोरलीच्या वायरीचं टोक आणि तिचं भोक लाल रंगवलं. धाकटीसाठी भिंतीला लावलेल्या निळ्या रंगाच्या डब्याचा तळ खरवडला. दोन्ही वायरी पट्टीने आवळून बांधल्या, वर चिकटपट्टी मारली आणि मार्करने लिहिलं: ‘मालकांनी हात लावू नये.’

“सरळ माझं नाव?” मालक दुखावले.

“दुसरं कोण लावतं?”

बुधवारी इंटरनेटचा डबाही दुरुस्त झाला. गुरुवारी सकाळी सहाला धाकटीतून पहिली चिवचिव ऐकू आली. आठपर्यंत धुकट काचेमागे नुसती वळवळ, ओली पिसं, उघडझाप करणाऱ्या चोची. चिकटून बसलेलं एकही नव्हतं. काकूंनी काचेला कान लावला आणि तिथे उभ्यानेच लहान मुलीसारख्या हसल्या. दुपारपर्यंत पिल्लं खोक्यांत गेली, धाकटी धुऊन निघाली आणि थोरलीतला पुढचा ट्रे तिच्यात आला. काकूंनी मालकांना शेवटची ताकीद दिली, “स्क्रीन बघायचा तो बघा, पण आधी काच,” आणि त्या बसस्टँड गाठायला निघाल्या.

चार वाजायला पाच मिनिटं होती. सामान वर चढवलं होतं, एक पाय पायरीवर होता, आणि फोन वाजला. मालक.

“काकू, वीज गेली होती. आली. जनरेटर लागला, कॉम्प्युटर उठला, सगळं हिरवं...”

काकूंचा पाय पायरीवरून खाली आला. “हिरवं राहू दे. काच बघा.”

“कुठली?”

“दोन्ही! धुकं कुणाला आहे?”

“आत्ता तर वीज आलीय, काकू, इतक्यात कसं—”

“मग उभे राहा तिथे! धरून ठेवा फोन!”

“बाई, चढताय की नाही?” कंडक्टर ओरडला.

“थांबा हो, एक काच बघायचीय!”

कंडक्टरने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने खांदे उडवले आणि पाण्याची बाटली उघडली. आतली माणसं खिडक्यांतून माना काढू लागली. चार वाजून गेले. सहा मिनिटं झाली. सात. फोनमधून नुसता मालकांचा श्वास ऐकू येत होता.

“काकू,” अखेर मालक म्हणाले, हळूच, जणू कुणी झोपलेलं आहे, “थोरलीची लख्ख आहे. धाकटीची... चाललीय की वर. निम्म्यापर्यंत आली!”

काकू बसमध्ये चढल्या. जागेवर बसतात न बसतात तोच सुनेचा फोन.

“आई, वीज गेल्याचा मेसेज आला मला इथे.” तिचा आवाज आज काही सहज नव्हता. “तुम्ही... उतरला नाहीत ना बसमधून?”

“उतरते कशाला?” काकू म्हणाल्या. “धाकटीच्या काचेवर धुकं आहे. सकाळी पोचते, तू आडवी हो पाहू.”